मापाऱ्याचं वजन

काट्याशी उभे असताना उकंडराव मापारी कुणाचाही रामराम घेत नसत. एरवी हा माणूस दोन्ही हात जोडून, मान लववून 'रामराम बाप्पा, घरचे बरे हायत ना?' असं एकाच माणसाला तीनतीनदा विचारणारा. पण दांडीवर हात गेला की समोर सख्खा व्याही आला तरी ओळख नाही. एकदा खरंच व्याही आला होता, परतवाड्याहून. बिचारा हात जोडून दहा मिनिटं उभा राहिला आणि रुसून चालता झाला. तो रुसवा काढायला त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, पुढच्या रविवारी पाटवड्यांचा घाट घालावा लागला. उकंडराव मात्र म्हणाले, "रामराम घेतला का नजर वर जाते. नजर वर गेली का पावशेर इकडचं तिकडं होते. मंग तो पावशेर कोनाच्या बापाचा?"

ही अकोल्याच्या कापूस बाजारातली गोष्ट. किलोची वजनं नुकतीच आली होती आणि म्हातारे लोक अजून शेर-मणातच बोलायचे, ते दिवस. मी उकंडरावांच्या हाताखाली दुय्यम मापारी म्हणून लागलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, एक मुलगी होती, आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्यांनी पहिल्या दिवशी माझा शहाणपणा काढला. म्हणाले, "वसंता, अठी डोकं नाई लागत. डोये लागतात अन् गया लागते. पाह्यचं अन् पुकारायचं. मधात इचार करायचा नाई."

बाजाराची रीत अशी होती की कापूस काट्यावर चढला की मापाऱ्यानं दांडी पाहून आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि शेतकऱ्यानं नि व्यापाऱ्यानं तो मुकाट मानायचा. कुणी वाकून दांडीकडे पाहायचं नाही. पाहणं म्हणजे मापाऱ्याच्या थोबाडीत मारणं. उकंडरावांनी पुकारलेला आकडा तीस वर्षांत कुणी वाकून पाहिला नव्हता. व्यापारी कडता मागायचे, म्हणजे कापूस ओला आहे, कचरा आहे, असं काहीबाही सांगून वजनातून आधीच दोन-चार किलो कापायला लावायचे. सगळ्या बाजारात ते चालायचं. उकंडराव फक्त रिकाम्या पोत्याचं वजन कापत. "पोतं तोलून दाखव, तेवढं कापतो. बाकी कडता तुया घरी." एवढं बोलून ते पुढची गाडी बोलवायचे.

आता त्यांच्या देहाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या देहानंच घडवलं. माणूस अवाढव्य होता. धोतर नेसले की पाहणाऱ्याला वाटायचं, तंबू उभारला. स्वतःच म्हणायचे, "मायबापानं मले कडता न लावता धाडलं." खाणं दणकट. झुणक्यावर तेल तरंगलं नाही तर ते काकींना विचारायचे, "काहो, तेली गावाले गेला का?" पण जाडी त्यांना कधी नडली नव्हती. दिवसाचे दहा तास उभे राहायचे, बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झपझप चालायचे. एका हंगामात सांडलेल्या सरकीवरून पाय सटकला आणि ते उजव्या अंगावर पडले. खुब्याला मार बसला. चार महिने खाटेवर काढले. उठले ते काठी घेऊन, आणि उठल्यावर खुबा आतून झिजतच गेला. चालणं सुटलं, खाणं काही सुटलं नाही. दोन वर्षांत ते आणखी सुटले. काट्याशी उभे राहायचे ते एका पायावर भार टाकून, दात आवळून. कपाळावर घाम यायचा आणि तरी आकडा खणखणीत यायचा. मला पाहवत नसे.

हंगाम संपला तसं बाजाराच्या कमिटीनं त्यांना बोलावून सांगितलं की एक हंगाम सुट्टी घ्या, बरे होऊन या. पण त्याच्या पुढच्या हंगामाला उभे राहता आलं नाही तर काटा दुसऱ्याला द्यावा लागेल. मापाऱ्याला बसून मापता येत नाही, दांडी डोळ्यांच्या रेषेत लागते, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती. ते घरी आले आणि मला म्हणाले, "काटा गेला तर मी नुसता लठ्ठ मानूस उरतो रे, वसंता. गावात तसे लय हायत."

कुणीतरी सांगितलं की अमरावतीच्या एका दवाखान्यात मुंबईचे मोठे सर्जन वर्षातून एकदा, पोळ्यानंतरच्या आठवड्यात येतात आणि खराब झालेल्या खुब्यात धातूची वाटी बसवतात. माणूस चालायला लागतो. आम्हाला आधी ती थापच वाटली. तरी चैत्रात मी त्यांना घेऊन गेलो. तिथल्या रोजच्या डॉक्टरांनी फोटो काढला, खुबा हलवून पाहिला आणि म्हणाले, वाटी बसेल. आमचे चेहरे फुलले तोच त्यांनी उकंडरावांना काट्यावर चढवलं. एकशे आठ किलो. पंच्याऐंशीच्या वर असेल तर मोठे डॉक्टर टेबलावर घेत नाहीत, असा नियम. भूल सोसत नाही आणि वाटीही टिकत नाही म्हणे.

"रोज चाला," डॉक्टर म्हणाले. "चाललात की वजन उतरेल."

उकंडरावांनी काठी खुब्याशी टेकवली. "साहेब, चालता येत असतं तर मी तुमच्या दारी कायले आलो असतो? मी चाललो तर वजन उतरते, अन् वजन उतरलं तर तुमी मले चालवता. मंग पयले कोनी उठायचं?"

डॉक्टर हसले, पण नियम काही हसला नाही. मला संताप आला होता. ज्याला चालता येत नाही त्याला चालायला सांगायचं आणि नाही चालला तर दार लावून घ्यायचं, हा कुठला न्याय? गाडीत मी तसं बोललोही. उकंडराव म्हणाले, "त्याचा काटा, त्याचा नियम. पंच्याऐंशी म्हन्ते ना, पंच्याऐंशी दाखवू त्याले."

आणि त्या माणसानं खरंच सुरू केलं. सकाळी एक भाकर, आंबाडीची भाजी, संध्याकाळी ताक. तेल बंद, गूळ बंद, चहात साखर बंद. चालता येत नव्हतं म्हणून खाटेवर बसून दोन्ही हातांनी पाण्याच्या बादल्या उचलायचे, घामाघूम होईपर्यंत. दर शनिवारी सकाळी, बाजार रिकामा असताना, आम्ही त्यांचं वजन करायचो. कापसाच्या गाठी तोलायचा मोठा काटा होता. खाली लोखंडी पाट, मागे उभा खांब आणि खांबावर दांडी. त्यांना नीट उभं राहता येत नसल्यानं पाटावर खुर्ची ठेवायची आणि खांबाकडे पाठ करून त्यांनी बसायचं. खुर्चीचं वजन आधीच करून ठेवलं होतं, ते वजा करायचं. पण त्याच्याही आधी ते मला काट्यावर उभं करायचे. माझं वजन कायम चोपन्न किलो, वर्षानुवर्षं हललं नव्हतं. "तू माया बाटाचा दगड," ते म्हणायचे. चोपन्न भरलं की काटा खरा. मग ते बसायचे, काठी मांडीवर आडवी धरायचे आणि म्हणायचे, "पुकार."

मान वळवून त्यांनी एकदाही दांडीकडे पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, "काकाजी, तुमीच पाहा ना." तर डाफरले. "ज्याचा माल तोलला जाते त्यानं पाह्यचं नसते. इतके दिवस काय शिकला बे तू?"

एकशे आठवरून शंभर. शंभरवरून सत्त्याण्णव. ज्येष्ठात चौऱ्याण्णव. खुब्याचं दुखणं तसंच, पण गालफडं बसली, धोतराला घड्या पडायला लागल्या. मग चौऱ्याण्णववर काटा जो थांबला तो थांबलाच. एक शनिवार, दुसरा शनिवार, तिसरा. त्यांनी भाकर अर्धी केली. ताक बंद केलं. तरी चौऱ्याण्णव. तिसऱ्या शनिवारी मी पुकारलं तेव्हा ते खुर्चीतून बराच वेळ उठलेच नाहीत.

त्याच आठवड्यात काकींनी मला मागच्या अंगणात गाठलं. काकी म्हणजे उकंडरावांच्या निम्म्यासुद्धा नसलेली, सुपारीच्या खांडाएवढी बाई. जन्मात कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "वसंता, हे मानूस मरून जाईन रे. काल उठता उठता डोयापुढं अंधारी आली. दोन किलो कमी पुकारून दे ना या शनवारी. तेवढाच उभार येईन त्याईले. एवढ्यानं काय होते?"

मी नाही म्हटलं. पण शनिवार आला. रात्रभर पाऊस लागला होता, खुर्ची ओली, त्यांचं धोतर ओलं. दांडी चौऱ्याण्णववर. त्यांची पाठ माझ्याकडे, मान खाली घातलेली, जणू फटका पडणार म्हणून वाट पाहत होते. आणि मी मनात म्हटलं, ओल आहे, ओलीचा कडता लावू. अरे देवा! व्यापारी जे कारण सांगायचे, नेमकं तेच माझ्या डोक्यात आलं, आणि मला लाजही वाटली नाही. मी खणखणीत पुकारलं, "ब्याण्णव!"

ते काठी आपटून हसले. कित्येक दिवसांनी हसले. घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "फुटला बाप्पा, काटा फुटला!" काकींनी माझ्या हातावर शेंगदाण्याची मूठ ठेवली आणि डोळे पुसले. मला वाटलं, मी केवढं पुण्य केलं.

पण एकदा ब्याण्णव म्हटल्यावर पुढच्या शनिवारी चौऱ्याण्णव कसं म्हणायचं? मी एक्याण्णव म्हटलं. मग नव्वद. दांडी आपली चौऱ्याण्णववरच. मला वाटायचं, पुढच्या आठवड्यात खरंच उतरेल आणि माझा आकडा नि काट्याचा आकडा एकमेकांना गाठतील. ते गाठणार कसे? वजन उतरतं आहे असं ऐकून त्यांनी अर्ध्या भाकरीची पुन्हा एक केली, ताक सुरू केलं, बादल्या उचलणं कमी केलं. त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. मापाऱ्यानं पुकारलेला आकडा होता तो. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी मी चौऱ्याऐंशी पुकारलं. दांडी पंच्याण्णववर होती. पोळ्याला काकींनी पुरण घातलं आणि उकंडराव वर्षभराचं जेवले. मलाही बोलावलं होतं. मी जेवलो. तुपाची धार कमी पडली म्हणून ते काकींना ओरडले, तेव्हा मीही हसलो.

पोळ्यानंतर अमरावतीला निघालो. मला काय वाटत होतं ते आता सांगायलाही शरम वाटते. मोठे डॉक्टर एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पाहतील, उतरलेला चेहरा पाहतील आणि म्हणतील, चला, हरकत नाही. किंवा त्या दिवशी काटाच बिघडलेला असेल. माणूस खोटं बोलला की असल्याच आशांवर जगतो.

काटा बिघडलेला नव्हता. उकंडराव माझ्या खांद्याला धरून पाटावर चढले आणि दवाखान्यातल्या माणसानं आकडा वाचला, "शहाण्णव."

उकंडराव मोठ्यानं हसले. "शहाण्णव? चौऱ्याऐंशी म्हना, चौऱ्याऐंशी."

सर्जन उंच, गोरे, घाईत असलेले. फोटो पाहता पाहताच म्हणाले, "बाबा, पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी. भूलवाले डॉक्टर हात लावणार नाहीत. पुढच्या वर्षी या."

"साहेब, तुमचा काटा चुकून रायला," उकंडराव शांतपणे म्हणाले. "राग मानू नका. तीस वर्सं काटा धरला म्या. चौऱ्याऐंशीचा आकडा मायाच मापाऱ्यानं पुकारला. हा पाहा, हा उभा हाय. हा मानूस मेला तरी खोटं पुकारनार नाई. मले तुमचा काटा पाहू द्या."

सर्जनांना मौज वाटली असावी. "पाहा," ते म्हणाले.

उकंडराव काठी टेकत खाली उतरले आणि माझ्याकडे वळले. "वसंता, चढ."

मला तिथंच सांगता आलं असतं. सगळ्यांच्या देखत नको, बाहेर चला, असं म्हणता आलं असतं. मी चढलो. दवाखान्यातल्या माणसानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चोपन्न."

उकंडरावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाटावरच्या माझ्या पायांकडे पाहिलं. मग सर्जनांकडे वळून त्यांनी हात जोडले. "काटा खरा हाय, साहेब. माफी करा." आणि काठी टेकत ते एकटेच दाराबाहेर गेले. त्यांना हात द्यायला मी धावलो, तर त्यांनी भिंत धरली.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघं तासभर बसलो. शिव्या दिल्या असत्या, काठी हाणली असती, तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"आषाढापासून."

त्यांनी बोटांवर शनिवार मोजले. "नऊ हप्ते," ते म्हणाले. "नऊ हप्ते होते मायाजवय."

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टरनं पुढच्या वर्षी बोलावलं. मला त्यांच्या घरी यायला बंदी नव्हती. पण मी जाईनासा झालो. दुसऱ्या शनिवारपासून त्यांनी वजनाला दुसऱ्या मापाऱ्याला बोलवायला सुरुवात केली. मी लांबून पाहायचो. खुर्ची, पाठ, मांडीवर आडवी काठी. तो मापारी मख्ख माणूस, जो आकडा दिसेल तो कोरडेपणानं ओकायचा. शहाण्णव. चौऱ्याण्णव. मग पाच आठवडे चौऱ्याण्णव. आणि मग त्र्याण्णव. हिवाळा गेला, उन्हाळा आला आणि मृगाच्या आत त्यानं पुकारलं, "त्र्याऐंशी." खरे त्र्याऐंशी. माझ्या कडत्याशिवाय.

त्या वर्षी पोळ्यानंतर मोठे डॉक्टर आलेच नाहीत. परदेशी गेले, असं दवाखान्यातून कळलं. दुसरं कुणी तसली वाटी बसवत नव्हतं. हंगाम तोंडावर आला आणि कमिटीनं काटा काढून घेतला.

तेव्हा सगळ्या बाजाराला वाटत होतं की मुख्य मापारी मीच होणार. मलाही वाटत होतं. कमिटीनं उकंडरावांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, "वसंता चांगला मानूस हाय. त्याले कचेरीत घ्या. काटा देऊ नका." काटा त्या मख्ख मापाऱ्याला मिळाला. मला कागद चाळायला बसवलं.

मी पेटलो. पाच वर्षं त्यांची सेवा केली, गाडीत चढवलं, उतरवलं, आणि हे फळ? एका चुकीसाठी भर बाजारात माझं नाक कापलं! दोन वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. जो भेटेल त्याला सांगत होतो, म्हाताऱ्यानं दगा दिला. का दिला, ते मात्र कुणाला सांगत नव्हतो.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक दिवस अखेर मी गेलो. खाटेवर होते. खुबा आता पार अडकला होता, बसतानाही कण्हायचे. मला पाहून म्हणाले, "ये बाप्पा. पोरगी कितवीत गेली?" जणू मी कालच येऊन गेलो होतो. त्यानं माझा आणखीच तोल गेला.

"काकाजी, माया हातचा काटा तुमी काहून काहाडला?"

"तुले दया येते," ते म्हणाले. "आज मायी आली. उद्या कास्तकार रडन, तू त्याले दोन किलो वाढवशीन. परवा व्यापारी रडन. मंग खरं कोन सांगन?"

"तुमी मरायला टेकले होते! चार हप्ते काटा हलला नव्हता!"

"पाच हप्ते लागतात त्याले," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेले पाह्यलं ना तू. मी दम धरला असता, वसंता. तुले वाटलं, याच्यानं होत नाई. तूच मले लठ्ठ समजला. डाक्टर तर परका होता."

काकी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओठ घट्ट मिटून घेतले. अंगणातलं त्यांचं ते मागणं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, बडनेऱ्यालाही नाही. तेवढी एक गोष्ट मी बरी केली, असं मला वाटत होतं.

काकी चहा ठेवून आत गेल्या. उकंडरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिनं सांगतलं होतं तुले. मले मालूम हाय. बायको हाय ते, तिचं कामच होतं थे," ते म्हणाले. "तुयं नव्हतं."